खळ्यावरची उडी

आमच्या स्टुडिओतल्या हंसाला कावीळ झाली ती माझ्यामुळे, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पुढं काउंटर, त्याच्या बाजूला रस्त्याकडे तोंड केलेलं काचेचं शोकेस, मधे फोटो काढायची खोली आणि सगळ्यात मागं डार्करूम. ही डार्करूम आधी न्हाणीघर होती. मधल्या खोलीत एक पडदा टांगलेला असे. तो छताजवळून निघायचा, जमिनीवर उतरायचा आणि गिऱ्हाइकाच्या पायाखालून पार पुढं यायचा. पडद्यावर निळं तळं, मागं बर्फाचे डोंगर आणि तळ्यात एक हंस. आमच्या बाजूला ज्या कुणाचं लग्न ठरलं, ज्या कुणाला बाळ झालं, जो कुणी दहावीला एका दमात सुटला, तो प्रत्येक जण त्या हंसाशेजारी उभा राहिलेला आहे. म्हसा, टोकावडे अशा गावांकडून माणसं नवे कपडे घालून यायची, चिखलाच्या चपलांनी त्या तळ्यावर चढायची आणि बर्फाच्या डोंगरापुढं ताठ व्हायची. बाबा काळ्या छत्रीचा लाइट लावून हुकूम सोडायचे, "हलू नका. हसू नका. श्वास धरा." लोक इतक्या मनापासून श्वास धरायचे की फोटोत सगळ्यांचे डोळे बाहेर आलेले दिसायचे.

मला त्या श्वास धरण्याचा राग यायचा. पासपोर्ट साइझचे फोटो कापायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे अख्ख्या तालुक्याचे बाहेर आलेले डोळे माझ्या कात्रीखालून गेले आहेत. डार्करूममधलं सगळं काम मला यायचं. फोटो धुणं, वाळवणं, म्हाताऱ्या बायकांच्या सुरकुत्या पेन्सिलीनं कमी करणं, नवरदेवाच्या मिशा जास्त करणं. फक्त बटण दाबायची परवानगी नव्हती. ते बाबांचं काम होतं, आणि बाबांच्या नंतर ते माझ्या चुलतभावाचं होणार, असं घरात न बोलता ठरलेलं होतं. हा भाऊ स्वभावानं गोड होता, पण त्याच्या प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात त्याचं बोट असायचं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. बारावी झाल्यावर मी शहापूरला मामाकडे राहून ड्रॉइंगच्या क्लासला जात असे आणि सुट्टीला मुरबाडला येत असे. मामाकडे केबल होती. दुपारी मामी आडवी झाली की मी आवाज बारीक करून गाण्याचं चॅनल लावायची. तिथं एकदा अमेरिकेतल्या कुठल्याशा गल्लीतली पोरं दिसली. ढगळ कपडे, उलट्या टोप्या, आणि त्यातला एक जण डोक्यावर उभा राहून गरागरा फिरत होता. मागच्या भिंतीवर एवढाली गुबगुबीत अक्षरं, एकमेकांच्या अंगावर रेललेली. खरं सांगायचं तर माझं नाचाकडे लक्षच नव्हतं. मी भिंत बघत होते, आणि कॅमेरा कुठं ठेवलाय ते बघत होते. तो पार जमिनीवर, बुटांच्या उंचीला ठेवलेला होता. माणसं हलत होती, दात काढत होती, धापा टाकत होती, आणि कुणी त्यांना श्वास धरा म्हणत नव्हतं. मी मामीची झोपमोड होईल इतक्या मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी तशी अक्षरं काढून सरांना दाखवली. सरांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "अक्षराला एवढं खायला का घातलंयस?" मग कपाटातून एक जुनं परदेशी मासिक काढून त्यांनी मला एका रंगवलेल्या रेल्वेच्या डब्याचा फोटो दाखवला. हे लोक चोरून रंगवतात आणि पकडले जातात, अशी ताकीदही दिली. चोरून म्हटल्यावर तर मला ती कला आणखीच आवडली.

तुळशीची लग्नं झाली, क्लास संपवून मी मुरबाडला परतले आणि बाबा लग्नांच्या शूटिंगला बाहेर राहू लागले. त्याच सुमारास बाजारात म्हशाच्या जत्रेसाठी बैलांची शिंगं रंगवायचे ऑइल पेंटचे डबे आले. लाल, निळा आणि एक असा पिवळा, की बघताना डोळे बारीक करावे लागत. माझ्यापुढं डबे होते, आणि बाबांच्या पडद्याची पाठ कोरी होती. मी पडदा उतरवला, उलटा अंथरला आणि त्यावर आमच्या गावाचं नाव लिहिलं. 'मुरबाड'. प्रत्येक अक्षर माझ्यापेक्षा उंच. वरची रेघ विजेच्या तारेसारखी झोळ खाल्लेली, आणि 'ड'चं पोट पार जमिनीवर सांडलेलं.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय करतेस गो?"

"पडदा धुतेय."

"रंगानं?" एवढंच म्हणून ती भात ठेवायला गेली. माझी आई कमी बोलायची आणि सगळं लक्षात ठेवायची.

रंग वाळल्यावर मी पडदा सुलट टांगला आणि साळसूदपणे फोटो कापत बसले. ऑइल पेंट कापडातून पलीकडं झिरपतो हे मला माहीत नव्हतं. बाबा परत आले त्याच दिवशी एक नवं जोडपं फोटोला आलं. बाबांनी त्यांना उभं केलं, श्वास धरायला लावला, आणि नवरी श्वास सोडून म्हणाली, "अहो, ह्या बदकाला कावीळ झालीय काय?"

बाबांनी वळून बघितलं. हंस मानेपासून शेपटीपर्यंत पिवळा पडला होता.

त्या दिवशी जे रामायण झालं ते सगळं सांगत नाही. शेवटी मीही तोंड उघडलं. म्हटलं, नुसता हंस काय, तुमच्या फोटोतली माणसंसुद्धा आजारी दिसतात. बाबांचा हात वर गेला, पण आई मधे चहा घेऊन आली. मग बाबा एकदम शांत झाले, आणि ते शांत झाले की मला जास्त भीती वाटायची.

"तुला फोटू काढायचेत ना? पन तुझ्यापुढं उभं कोन राहनार? बायका लाजतील आन बाप्ये हसतील."

"का हसतील?"

"बरं," बाबा म्हणाले. "म्हशाच्या जत्रेआधी एक तरी गिऱ्हाईक आन. गल्लीतलं नको, नात्यातलं नको. त्यानं आपल्या तोंडानं म्हनलं पायजे, माझा फोटू हिनंच काढायचा. मग जत्रेच्या स्टॉलवर कॅमेरा तुझ्या हातात. नायतर तुझ्या भावाच्या. आन मग परत हा विषय घरात काढायचा नाय."

म्हशाच्या जत्रेत आमचा दरवर्षी फोटोचा तंबू असे. पुठ्ठ्याची मोटरसायकल, पुठ्ठ्याचा चंद्र. बैल विकायला आलेला, बैल घ्यायला आलेला, नुसता भजी खायला आलेला, सगळे तिथं फोटो काढत. त्या तंबूत कॅमेरा ज्याच्या हातात, तोच पुढं तालुक्याचा फोटोवाला. मला तो कॅमेरा इतका हवा होता की रात्री उशाशी हात घेऊन मी बोटानं हवेतलंच बटण दाबायची. आणि नाही मिळाला तर पुढं काय, हेही मला दिसत होतं: न्हाणीघरातला लाल दिवा आणि दुसऱ्यांचं बोट आलेले फोटो.

गिऱ्हाईक काही मिळेना. पासच्या फोटोला आलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं, मी काढू का? त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि म्हणाले, "बाबा कधी येतील?" मग ते बाबा येईपर्यंत बाकावर बसून राहिले. त्यांची बस गेली, पण ते हलले नाहीत.

अशात शेजारचा टेलरचा मुलगा मदतीला आला. हा कल्याणला कॉलेजला जायचा आणि तिथून त्यानं ते टीव्हीवरचं हिप हॉपचं सगळं खूळ आणलं होतं. उलटी टोपी, जिभा बाहेर काढलेले मोठे पांढरे बूट, डोक्यावरचं फिरणं. गल्लीतली आणखी चार टाळकी जमवून त्यानं ग्रुप केला होता. ढगळ पँट त्यानं स्वतःच बापाच्या मशीनवर शिवली. पण बापाला वाटलं, पोराचं माप चुकलंय. बिचाऱ्यानं काही न बोलता ती उसवून अंगाबरोबर बेतून दिली. पोरानं परत उसवली. बापानं परत बेतली. शेवटी त्या पँटला इतक्या शिवणी झाल्या की नाचताना ती कुठून फाटेल याचा नेम नसायचा.

ग्रुपला एक जोरदार फोटो हवा होता आणि मला एक जोरदार फोटो काढून दाखवायचा होता. ही पोरं गिऱ्हाईक म्हणून चालणार नव्हती, गल्लीतली होती. पण शोकेसमध्ये तसा फोटो लागला तर बाहेरचं कुणीतरी आत येईल, असा माझा हिशेब होता. बाबांचा एक जुना कॅमेरा ट्रंकेत पडून होता. आईनं ट्रंकेची किल्ली ओट्यावर विसरल्यासारखी ठेवली.

अडचण जमिनीची होती. डोक्यावर फिरायला गुळगुळीत जागा लागते. एसटी स्टँडच्या फरशीवरून कंट्रोलरनं हाकललं. देवळाच्या मंडपातून पुजाऱ्यानं हाकललं. डांबरी रस्त्यावर कोपरं सोलपटली. तेव्हा मला खळं आठवलं.

भात कापून झालं की शेताच्या कडेला जमीन चोपून, शेणानं सारवून खळं करतात. तिथं भात झोडायचं, मळायचं, तिथंच रास घालायची. चांगलं सारवलेलं खळं हाताला गार आणि गुळगुळीत लागतं, एक खडा सापडत नाही. मात्र त्यावर चप्पल घालून कुणी पाय ठेवत नाही. देवळात एखादा विसरून जाईल, खळ्यावर नाही. हे आमच्याकडं शिकवावं लागत नाही, पोर चालायला लागलं की त्याला आपोआप कळतं.

मलाही माहीत होतं. मी टेलरच्या मुलाला म्हटलं, "बूट काढावे लागतील."

"बूट काढले तर हिप हॉप कसला गो?"

त्याचंही खरं होतं. टीव्हीवरच्या त्या पोरांचं अर्धं सौंदर्य बुटांत होतं, आणि मला कॅमेरा बुटांच्याच उंचीला लावायचा होता. मी दोन्ही बाजूंनी नीट विचार केला आणि माझ्या फोटोच्या बाजूनं निकाल दिला.

म्हशाच्या रस्त्याला एका आज्याचं खळं होतं. त्या बाजूला त्याच्यासारखं खळं कुणाचं नव्हतं आणि त्याच्यासारखा तापटही कुणी नव्हता. पण दुपारी जेवून तो झोपायचा म्हणे. आम्ही भर दुपारी गेलो. खळं ताजं सारवलेलं होतं, दुसऱ्या दिवशी मळणी असावी. पोरांनी मधोमध सेलवरचा मोठा टेप ठेवला. मी कडेला पेंढ्यात पालथी पडले, चप्पल काढून. तेवढं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायची माझी हिंमत नव्हती.

टेप वाजला. पोरं फिरली, उलटली, हातांवर चालली. मी फोटो काढत होते, आणि मनातून मला कळत होतं की काहीतरी बिनसलंय. पोरं टीव्हीवरच्यासारखं सगळं करत होती, पण प्रत्येक जण मधेच कॅमेऱ्याकडे बघायचा आणि श्वास धरायचा. बाबांनी अख्ख्या तालुक्याला शिस्तच तशी लावली होती.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "ए! कोन हाय रे तिथं? माझ्या खळ्यावर बुटं?"

आजा धावत येत होता. पैरण, धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला काही नाही. झोपेतून उठून तसाच निघाला होता. टेलरचा मुलगा तेव्हा नेमका डोक्यावर होता, त्याला जग उलटं दिसत होतं, त्यामुळे त्याला आधी वाटलं कुणीतरी दाद देतंय. बाकीची पळायच्या तयारीला लागली. आणि आजा खळ्याच्या कडेला आला आणि थांबला.

नुसता थांबला नाही. त्यानं वाकून चपला काढल्या. खळ्याला हात लावला, तो कपाळाला लावला. पोरांना पळायला भरपूर वेळ होता, पण एकही पळाला नाही. एवढा संतापलेला माणूस मारायला येताना मधे नमस्कार करतो, हे बघून सगळी तोंडं उघडी टाकून उभी राहिली. मग आजा सरळ झाला. चपला पायात नव्हत्या, म्हणजे हातात होत्या. दोन हातांत दोन चपला उगारून तो अनवाणी खळ्यावर शिरला.

वाटेत टेप होता. त्यातला माणूस इंग्रजीत कुणालातरी दम देत होता, पण आज्यापुढं त्याचं काही ऐकू येईना. आजा वळसा घालील असं मला वाटलं. त्यानं टेपवरून उडी घेतली.

मी बटण दाबलं.

पुढची पळापळ सांगण्यासारखी नाही. मी पेंढ्यातून सरपटत निघाले, पोरं कापलेल्या भाताच्या खुंटांतून बोंबलत गेली, आणि टेलरच्या मुलाचा एक बूट खळ्यावर राहिला. दुसऱ्या दिवशी तो बूट मागायला जाणं भाग होतं. आज्यानं बूट उंच आढ्याला टांगून ठेवला होता.

"बूट पायजे? मंग खळं सारवा."

पोरांनी सारवलं. मी पाणी आणि शेण पुरवलं. आजा बाजूला उकिडवा बसून तपकीर ओढत देखरेख करत होता. "कमरेतून वाक रे. डोक्यावर नाचतोस, एवढं जमंना तुला?" टेलरच्या मुलाच्या कोपरापर्यंत शेण होतं आणि त्या बहुशिवणी पँटनं त्याच दिवशी राम म्हटला. निघताना आज्यानं मला हटकलं. "तू फोटुवाल्याची ना गो? काल त्या डब्यात मला पन घेतलास काय?"

"नाय, आजा," मी म्हटलं. चेहरा अगदी सरळ ठेवून.

घरी येऊन मी डार्करूममध्ये शिरले. औषधाच्या पाण्यात कागद हलवताना आधी वरच्या बाजूला दोन चपला उमटल्या. मग वाळलेले हात, मग उघडं तोंड आणि त्यातला एकुलता दात, मग हवेत दुमडलेला गुडघा आणि फाकलेली पायाची बोटं. खाली टेप, मागं ताठरलेली पोरं. आजा जमिनीपासून चांगला हातभर वर होता. अख्ख्या रोलमध्ये जो एकमेव माणूस खरा नाचत होता तो हा होता, आणि त्याच्या पायात बूट नव्हते. मी त्या लाल उजेडात एकटीच टाळ्या वाजवल्या.

बाबा शहापूरच्या एका लग्नाला गेले होते. शोकेसच्या मधोमध गेली कित्येक वर्षं एका बाळाचा फोटो होता. ते बाळ आता शाळेत जाऊन मास्तरांचा मार खाऊ लागलं होतं. त्याला मी बाजूला केलं आणि आज्याला मोठा करून तिथं लावला.

नेमका बाजाराचा दिवस होता. दुपारपर्यंत दुकानापुढं ही गर्दी. "आज्याला उडताना बघितला काय?" असं म्हणत माणसं माणसांना ओढून आणत होती. टेलर मशीन सोडून दारात येऊन हसत होता. बाबा एसटीतून उतरून आले आणि एवढं गिऱ्हाईक बघून आधी त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी फोटो बघितला.

"उतरव तो. आत्ताच्या आत्ता." बाबा म्हणाले. "जुनी मानसं हायत ती. येऊन काच फोडील तो, आन काचेबरोबर माझं नाव फोडील. संपलं आता. जत्रा सोड, उद्यापासून स्टुडिओत यायचं नाय."

हे मस्करीतलं नव्हतं. बाबांनी शोकेसची कडी काढली, आत हात घातला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "थांब."

आजा आला होता. खांद्यावर पंचा, पायात त्याच चपला. गर्दी आपोआप बाजूला झाली. तो काचेजवळ गेला आणि नाक टेकेपर्यंत वाकून बघत राहिला. त्याच्या श्वासानं काच धुरकटली, ती त्यानं पंच्यानं पुसली आणि परत बघितलं.

"ह्यो मीच काय?"

लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले.

"कोनी काढला?"

"काका, पोर हाय, चुकली," बाबा म्हणाले. "आत्ता काढतो, फाडून टाकतो."

"तुला नाय इचारलं. कोनी काढला?"

"मी," मी म्हटलं. "आन त्या दिवशी नाय म्हनून सांगितलं ते पन मीच."

आजा माझ्याकडे वळला. मी चपलेचा अंदाज घेत एक पाऊल मागं सरकले.

"घरात माझा एक फोटू हाय," तो म्हणाला. "तुझ्या बापानं काढलेला, कार्डाला. सून म्हनते, मामा, ह्या फोटूला आत्तापासनंच हार घालावासा वाटतो." लोक हसले, पण आजा हसला नाही. त्यानं काचेवर बोट ठेवलं. "ह्यात मी जित्ता हाय."

मग पंचा झटकून तो सरळ दुकानात शिरला. "आजून एक काढ. भित्तीला लावायचा हाय, म्हनून चप्पल हातात नको. सुनेपुढं बरं दिसत नाय."

बाबा लगबगीनं पुढं झाले. "या, या काका. बसा. मी काढतो चांगला."

"तू नको रे बाबा," आजा म्हणाला. "माझा फोटू हिनंच काढायचा."

शब्दाला शब्द तेच होते. मी ते त्याला पढवलेले नव्हते, शप्पथ. आतल्या दारात आई उभी होती. तिनं फक्त बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

आज्यानं पडद्याकडे मान वर केली. "ह्ये पिवळं पाखरू नको माझ्या मागं."

मी पडदा उलटा टांगला. 'मुरबाड' भिंतीवरून उतरून जमिनीवर पसरलं.

"काय लिवलंय?"

"गावाचं नाव. मुरबाड."

"एवढं मोठं?"

"हो."

"बरं केलंस. गावाचं नाव मोठंच पायजे."

बाबा नेहमीसारखे चपलांनीच पडद्यावर चढले होते, लाइट ओढून बसवत होते. मी कॅमेरा हातात घेतला. खरा कॅमेरा, बाबांचा. आजा पडद्याच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं, त्याला चक्कर आली. तो सावकाश वाकला. त्यानं चपला काढल्या, कडेला जोडीनं ठेवल्या. 'ड'च्या पोटाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग अनवाणी आत पाऊल टाकलं.

त्या पडद्यावर अख्खा तालुका चढून गेला होता. चपला कुणी काढल्या नव्हत्या. कॅमेऱ्यातून मला आज्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका दिसू लागला. मी डोळा पुसला आणि बाबांना लाइटचं सांगायला मान वर केली.

बाबा स्वतःच्या पायांकडे बघत होते. मग ते पडद्यावरून मागं झाले, कडेला गेले, आज्याच्या चपलांशेजारी त्यांनी आपल्या चपला काढून ठेवल्या. परत आले, छत्रीचा लाइट दोन्ही हातांनी उचलला आणि मला विचारलं, "कुठं धरू?"

"थोडा वर," मी म्हटलं. "आन बाबा, आता श्वास सोडा."